खिडकीकडची खाट

खिडकीकडच्या खाटेवरच्या ड्रायव्हरला ऊन सोसेना आणि दाराकडच्या खाटेवरच्या मास्तरांना येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांचा आवाज सोसेना. दुपारी जेवणानंतर दोघांनी आपसांत खाटा बदलल्या. उशा नेल्या, डबे नेले, चपला नेल्या. खाटांना अडकवलेले केसपेपर मात्र जिथल्या तिथे राहिले. वॉर्डात झाडून सगळ्यांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सिस्टरला. सकाळची ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात उरकून ती इथे कुणाच्या तरी बदली आली होती.

संध्याकाळी ती पोट साफ करायच्या औषधाचा भलामोठा जग घेऊन आली. उद्या ड्रायव्हरची दुर्बिणीची तपासणी होती. तिने खिडकीकडच्या खाटेचा केसपेपर पाहिला आणि ग्लास भरला.

"हे सगळं संपवायचं बरं का."

"सगळं?" मास्तरांनी जगाकडे पाहिलं. पण जन्मभर मुलांना 'उलट प्रश्न नकोत' म्हणून दटावत आलेला माणूस. निमूट प्यायला लागले. ड्रायव्हर दाराकडून बघत होता. दुर्बिणीची त्याला धास्ती होती. परस्पर टळतंय म्हटल्यावर तो भिंतीकडे वळला आणि घोरू लागला.

तिसऱ्या ग्लासाला लादी पुसणारी मावशी थांबली. "अगंबाई, मास्तरांचीपण तपासणी आहे होय?"

"मास्तर? मग ड्रायव्हर कोण?"

"तो काय, झोपेचं सोंग घेऊन पडलाय."

सिस्टरने मास्तरांच्या मनगटावरची पट्टी वाचली. हे आधीच करायचं असतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. मास्तरांचं हृदय अशक्त होतं. एवढे जुलाब त्यांना झेपतील की नाही, कोण सांगणार?

टेबलाशी बसलेली जोडीची नर्स कुजबुजली, "गप्प बस. म्हाताऱ्याचं पोट बिघडलं म्हणायचं. तुझं प्रमोशन तोंडावर आलंय. कोण विचारतंय?"

सिस्टर इतकी दमली होती की गप्प बसणंच सगळ्यात सोपं होतं. "कोणी नाही विचारणार," ती म्हणाली. "डॉक्टर भलताच आजार शोधत बसतील आणि तेवढ्यात यांचं काही झालं म्हणजे?"

तिने डॉक्टरांना फोन केला. मग ती खाटेशी आली. "मास्तर, माझी चूक झाली. हे औषध तुमचं नव्हतं."

"म्हणजे मी दुसऱ्याचा पेपर सोडवला?"

"हो. आणि निकाल आजच लागणार आहे."

डॉक्टर आले, तिला सगळ्यांसमोर बोलले, मास्तरांना सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. ड्रायव्हरसाठी नवा जग आला. आता पेशंट दोन आणि वॉर्डाला संडास एक.

"मास्तर, मी बघत होतो," ड्रायव्हर पोट धरून म्हणाला. "म्हटलं, माझं टळलं."

"टळलं का?"

"कुठलं! सिस्टर गप्प राहिल्या असत्या तर सुटलो असतो."

"तू सुटला असतास. मी कायमचाच सुटलो असतो. चल, बाटली धर!"

मास्तर निघाले. मागून सलाईनची बाटली उंच धरून ड्रायव्हर, "बाजू, बाजू!" करत.

ड्यूटी संपताना मास्तरांचा रिपोर्ट चांगला आला. मेट्रन म्हणाल्या, "प्रमोशनचं पुढच्या वर्षी बघू."

सिस्टर घरी पोचली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. नवऱ्याने पाणी आणलं. दोघांच्या गोळ्यांचा डबा एकच. त्यातून एक गोळी काढून त्याने पुढे केली.

"घे. दमलीस."

तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. "आधी नाव विचारा."

"कुणाचं?"

"माझं."

लग्न झाल्यापासून तो तिला 'अगं' म्हणत आला होता. तो जरा लाजलाच. "नाव काय गं तुझं?"

तिने आडनावासकट सांगितलं.

त्याने चष्मा लावला. गोळीचं पाकीट उजेडात धरून वाचलं. मग ती गोळी स्वतःच्या तोंडात टाकली आणि डब्यातलं दुसरं पाकीट शोधायला लागला.