मानाची बंदूक

"बंदूक घेणं म्हणजे काय, मिक्सर घेण्यासारखंच आहे!" राजीव हळबे म्हणाला. "रिव्ह्यू वाचायचे, दोन दुकानं पालथी घालायची, घेऊन टाकायची!"

टेक्सासातल्या अर्विंगमधल्या आपल्या स्वयंपाकघरात, हातात चहाचा कप धरून तो हे बोलत होता. त्याची बायको सुनेत्रा ओट्याशी थालीपीठ थापत होती. घरातला मिक्सर राजीवनंच रिव्ह्यू वाचून आणला होता आणि तो चटणी सोडून बाकी सगळं वाटायचा. पण सुनेत्रा भली बाई.

"पण तुला बंदूक हवीय कशाला?" एवढंच तिनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. राजीवची आजवरची एकमेव शिकार म्हणजे गराजमधल्या चिकट सापळ्यात अडकलेला उंदीर, आणि त्यालाही तो खोबरेल तेल लावून, सोडवून, पार्कात पोचवून आला होता. उंदराला एसीची सवय झाली असेल, बाहेर सोसेल का, याची त्याला पुढे दोन दिवस काळजी लागली होती.

झालं होतं असं, की त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, इलाचं, लग्न ठरलं होतं. मुलगा वायट, अस्सल टेक्सासचा. त्याचे वडील डेल तिथल्या डोंगराळ भागात, हिल कंट्रीत, दातांचे डॉक्टर, आणि वडिलोपार्जित शेतावर हरणंबिरणं बागडणारी. दोन्ही घरं पहिल्यांदा भेटली ती एका बार्बेक्यूच्या हॉटेलात. डेलनं सहज विचारलं, "शिकार वगैरे करता का तुम्ही?" (तो अर्थातच इंग्रजीत बोलला, आपण सोयीनं मराठीत ऐकू.)

साधं 'नाही' म्हणायचं की नाही? पण समोर व्याही! मुलीचा बाप कशात कमी पडला, तर मुलीला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं, हे राजीवच्या हाडात मुरलेलं. वीस वर्षं टेक्सासात काढली, सिटिझनशिपची शपथ घेतली, तरी ते काही निघालं नव्हतं. तो मांडी ठोकून म्हणाला, "म्हणजे काय! आमच्या घराण्यातच आहे. माझ्या आजोबांनी बिबट्या काढला होता!"

शेवटच्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. साताऱ्याकडे एकदा विहिरीत बिबट्या पडला, तेव्हा वनखात्यानं खाट सोडून त्याला वर काढला. त्या दोराला जी माणसं लटकली होती, त्यांत सगळ्यात मागे खात्यातले कारकून म्हणून आजोबा होते. राजीवनं फक्त विहीर, खाट आणि दोर गाळले.

डेलनं हातातली बरगडी ताटात ठेवली आणि बराच वेळ राजीवकडे आदरानं पाहत राहिला. आणि मग शिकारीचा सीझन उघडायच्या महिनाभर आधी त्याचा मेसेज आला: 'पहिल्या वीकेंडला या. आमच्याकडे काय, कोल्हे आणि लहान चणीची हरणं. कुठलं कॅलिबर आणताय?'

"बघ, परीक्षा घेतोय!" राजीव म्हणाला.

"अरे, त्यांनी साधं विचारलंय. आपण नाही का पाहुण्यांना विचारत, चहा घेणार की कॉफी?"

"पण चहा कितीचा, असं विचारतो का आपण?"

कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इथपर्यंत राजीव एका संध्याकाळीत पोचला. पुढे मात्र सगळा गुंता! कोल्ह्यापुरती छोटी गोळी घ्यावी, तर ती हरणाला कमी. हरणासाठी मोठी घ्यावी, तर कोल्ह्याचं नुसतं शेपूट हाती लागायचं. शेवटी त्यानं चंद्रशेखरकाकांना फोन लावला. काका म्हणजे फार पूर्वी इथे आलेले हृदयाचे डॉक्टर, आता निवृत्त. तरुणपणी पेशंट मंडळींबरोबर शिकारीला जायचे आणि ही गोष्ट काकूंना अजून माहीत नव्हती.

"कोल्हा आणि लहान हरीण?" काका हळू आवाजात म्हणाले. "टू-फोर्टीथ्री. पाव इंचाहून जरा कमी. धक्का कमी, नेम सरळ. दोन्हींना एकच बंदूक. मिटला विषय!"

विषय खरंच मिटला असता. पण राजीवला अवदसा आठवली. त्यानं इलाला फोन केला. "तुझे सासरे कुठलं वापरतात गं?"

"बाबा, आय डोन्ट नो. थांब, वायटला विचारते." पलीकडे कुजबुज झाली. "टू-फोर्टीथ्री. ही हॅज हॅड इट सिन्स ही वॉज अ किड. का?"

"सहज."

"बाबा, प्लीज, डोन्ट मेक इट वीअर्ड."

फोन ठेवला आणि राजीवच्या डोक्यातला हुंडा-मानपानाच्या काळातला कोणीतरी पूर्वज जागा झाला. व्याह्यानं लहानपणी वापरलेलं कॅलिबर, तेच आपण न्यायचं? व्याही चांदीचं ताट देतो आणि आपण त्याला स्टीलची वाटी? छे! बिबट्यावाल्यांच्या घरातून निदान एक नंबर तरी वरचा जायला हवा!

"माणसं गोळी जनावर बघून ठरवतात," सुनेत्रा म्हणाली. "तू व्याही बघून ठरवतोयस."

"तुला यातलं कळत नाही."

"मला कळतंय म्हणून तर बोलतेय."

दुकानातल्या माणसानं विचारलं, "कशाच्या शिकारीला?" राजीव म्हणाला, "कोल्हा आणि लहान हरीण." त्यानं टू-फोर्टीथ्री काढून काउंटरवर ठेवली. राजीव म्हणाला, "याहून मोठी?" त्यानं पुढची ठेवली. "याहून?" तिसऱ्यांदा माणूस म्हणाला, "सर, कोल्हा टेक्सासचाच ना?" पण राजीवची नजर थ्री हंड्रेड मॅग्नमवर ठरली होती. भोकात फरक जेमतेम ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा! आत दारू जवळजवळ दुप्पट भरलेली असते, हे तो माणूस सांगत होता, पण तोवर राजीव डेलला मेसेज टाकत होता: 'थ्री हंड्रेड मॅग्नम.' डेलचं उत्तर यायला बराच वेळ लागला. आलं ते नुसता अंगठा.

"बघितलंस? बोलतीच बंद!" राजीव घरी येऊन म्हणाला.

शिकारीच्या आधीच्या शनिवारी तो सरावाला गेला. सुनेत्रा बरोबर होती, कारण परत येताना ग्रोसरी करायची होती. राजीवनं शिकाऱ्यांचा ऑनलाइन कोर्स पहिल्या फटक्यात पास केला होता, त्यामुळे कानावर टोप, डोळ्यांवर चष्मा, सगळं शिस्तीत होतं. फक्त नीट दिसावं म्हणून त्यानं डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीला अगदी चिकटवला. आणि चाप ओढला.

गोळी कुठे गेली, हे आजतागायत कुणाला माहीत नाही. दुर्बीण मात्र बंदुकीच्या धक्क्यानं थेट मागे आली आणि राजीवच्या उजव्या भुवईवर बसली! कपाळावर सुरेख अर्धचंद्र उमटला आणि त्यातून रक्ताची धार लागली. "लागली का?" बाकावरून उताणं पडल्या पडल्या राजीवनं विचारलं.

"लागली," सुनेत्रा म्हणाली. "तुलाच."

अर्जंट केअरच्या दवाखान्यातल्या नर्सनं जखम पाहिली, मग सुनेत्राकडे पाहिलं आणि तिला बाहेर बसायला सांगितलं. दार लावून तिनं अतिशय मायेनं राजीवला विचारलं, "तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं ना?"

आता बंदुकीनं लागलं म्हणावं, तर बिबट्यावाल्यांची अब्रू जाते! राजीव दाराकडे बघायला लागला. तेवढं पुरलं. नर्सनं त्याच्या हातात घरात मार खाणाऱ्यांसाठीच्या हेल्पलाइनचं कार्ड दिलं. गाडीत ते कार्ड सुनेत्रानं वाचलं आणि गाडी तडक घराकडे घेतली. ग्रोसरी राहिलीच.

शिकारीचा दिवस उजाडला तेव्हा टाके तसेच होते. राजीव काऊबॉय टोपी भुवयांवर ओढून, सुनेत्राला घेऊन डेलच्या शेतावर दाखल झाला. आणि दारात डेल उभा, त्याचीही टोपी भुवयांपर्यंत! घरात जेवणाच्या टेबलावरही दोघांनी टोप्या काढल्या नाहीत. "इथली पद्धत असेल," सुनेत्रा पुटपुटली. "भारतातली पद्धत असेल," डेलची बायको लिंडा मनात म्हणाली, हे आपल्याला नंतर कळलं.

दुपार कलताना दोघे व्याही मचाणावर जाऊन बसले. मचाण म्हणजे चार खांबांवरची लाकडी खोली, पुढे खिडकी, समोर हरणांसाठी दाण्याचा डबा. एक बार उडाला की खेळ खलास! टाके उसवणार, सोंग उघडं पडणार आणि इलाच्या सासरी कायमची शोभा होणार. देवा, आज जंगलातल्या समस्त जनावरांना घरीच ठेव, असं तो मनापासून म्हणत होता.

देव कुठला ऐकतोय! शेळीएवढं एक हरीण डौलात आलं आणि दाणे टिपायला लागलं.

"तुम्ही आधी," डेल कुजबुजला. "पाहुणे आहात."

"छे छे, तुम्ही! आमच्यात पहिला मान मुलाकडच्यांचा!"

"आमच्यात पाहुण्यांचा."

"मुलीच्या बापानं आधी बार काढला, तर पाप लागतं!" राजीवनं तिथल्या तिथे शास्त्र रचलं.

आता डेलचा इलाज खुंटला. त्यानं कोपऱ्यातली आपली बंदूक उचलली. राजीवनं पाहिलं, ती टू-फोर्टीथ्री नव्हतीच! कोरी करकरीत, राजीवच्या बंदुकीहूनही दांडगी! डेलनं ती खांद्याला लावली, पण डोळा दुर्बिणीपासून हातभर लांब. मान मागे, चेहरा पिळवटलेला. हे ध्यान राजीवला फार ओळखीचं वाटलं. तेवढ्यात मागे रेललेल्या डेलची टोपी भिंतीला घासून खाली पडली.

उजव्या भुवईवर अर्धचंद्र! टाक्यांसकट!

राजीवनं हळूच आपली टोपी काढली.

डेलनं बंदूक खाली ठेवली. दोघांनी एकमेकांच्या कपाळाकडे पाहिलं आणि असे हसत सुटले की हरीण पाच फूट उंच उडून पळालं! हसताना दोघांचेही टाके दुखत होते आणि त्याचंही आणखी हसू येत होतं.

"तुम्ही मॅग्नम लिहिलंत," डेल डोळे पुसत म्हणाला. "बिबट्या मारणारं घराणं! मी काय पोराटोरांची बंदूक घेऊन बसू तुमच्याशेजारी? तुम्हाला वाटलं असतं, मुलगी कुठल्या मुळमुळीत घरात दिली! म्हणून थ्री-थर्टीएट आणली. लिंडाला सांगितलं, कपाटाचं दार लागलं."

मग राजीवनंही विहीर, खाट आणि दोर सांगून टाकले. गेले महिनाभर तो या माणसाला वरपक्ष समजून घाबरत होता, आणि हा बिचारा तिकडे त्यालाच घाबरत होता! बंदुका रिकाम्या करून आत भिंतीला टेकवल्या आणि दोघं मचाणाच्या खालच्या पायरीवर येऊन बसले. सुनेत्रानं दिलेला थालीपिठांचा डबा मधे उघडला आणि उजेडात एकमेकांचे टाके नीट पाहून घेतले.

"घरी काय सांगायचं?" डेलनं विचारलं.

"जनावर आलंच नाही," राजीव म्हणाला. झाला ठराव! परत निघताना डब्यात मोजकीच थालीपिठं राहिली होती, पण दोघांनाही आपण इतकी खाल्ल्याचं आठवेना.

घरी पोचताच दोघांनी टोप्या सावरून वर्णन सुरू केलं. वारा उलटा होता, माग होते पण शिळे, अशा दिवसांत अनुभवी शिकारी बारच काढत नाही! डेल एक वाक्य टाकायचा, राजीव त्याला फोडणी द्यायचा. तेवढ्यात येऊन पोचलेले वायट आणि इला अतिशय गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते.

"डन?" इलानं विचारलं आणि आपला फोन पुढे धरला. "बाबा, दाण्याच्या डब्यावर वायटनं नवा कॅमेरा लावलाय, मचाणाकडे तोंड करून. काही हललं की फोटो आमच्या फोनवर येतो. तुम्ही दोघं खूप हलत होता."

फोटोत दोन टोपीविरहित व्याही एकमेकांचं कपाळ तपासत होते आणि मागून एक कोल्हा, दिवसाढवळ्या, पायरीवरच्या डब्यातलं थालीपीठ तोंडात धरून सावकाश निघाला होता.

लिंडा आणि सुनेत्रा या दोन विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या. हा फोटो त्या दिवशी हाती असता, तर नर्सला दाखवलं असतं की दोष माझा नाही, असं सुनेत्रा म्हणाली. "अवर वेडिंग इन्व्हाइट!" इला ओरडली. "दोन्ही फॅमिलीजचा एकत्र फोटो हवा होता ना? हाच!"

आता राजीव चिडणार, म्हणून सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला, फोटो मोठा केला आणि दोघांच्याही भुवयांवरचे टाके बोटानं मोजले. आपले तीन, डेलचे चार.

"असू दे," तो समाधानानं म्हणाला. "मुलाकडच्यांचा एक जास्तच असावा."