एकतिसाव्या टोपीची बखर

श्रीमैदानदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् संवत्सरी, एका राज्यात जो अन्याय जाहला तो जैसा घडला तैसा लिहितो, ऐकणारांनी संतापास लाजू नये. ते राज्यी तेरा गडी रग्बीचा लंबवर्तुळ चेंडू घेऊन परराज्याशी झुंजत, आणि रिवाज ऐसा की, जो प्रथम राज्यासाठी उतरेल त्यास क्रमाने आकडा मिळावा, तो टोपीवर भरतकामाने काढावा, आणि पुन्हा कोणास देऊ नये. भिवाजी ढमाले बारा वर्षे गावोगावचे संघात धडका देत राहिले, कान फुटून भज्यासारखे जाहले, परंतु बोलावणे येईना. मग वयाचे चौतिसावे वर्षी आले, आणि भिवाजी उतरले, आणि तिघे शत्रू पाठीवर घेऊन चेंडू रेषेपार टेकविला, आणि त्याच धडकेत गुडघ्याची वाटी फुटली, आणि खेळ कायमचा सुटला. एक सामना, एक टोपी, आकडा एकतीस. बायको गिरजाबाई ती टोपी देवापाशी ठेवीत.

पुढे दिवाण राघोपंतांचे जावई दुसरे एका सामन्यात सात पळे उभे राहिले. चेंडूस बोट लागले नाही! परंतु पंतांस एकतीसच हवा, कां की जावयांचा तो शुभांक. मग दप्तर उकरिले, तो भिवाजींचे सामन्याचे कागदावर शिक्का नाही. शिक्का करणार कोण? पंतच! विसरले पंत, आणि शिक्षा भिवाजींस. चोर सोडून संन्याशास फाशी!

दरबारी बोलावून पंत म्हणाले, "भिवाजीराव, शिक्का नाही, सबब तो सामना जाहलाच नाही."

भिवाजी म्हणाले, "जाहला नाही? मग पंत, माझी वाटी कोठे फुटली?"

"ते वैद्यास पुसा," पंत म्हणाले, आणि सभा खो खो हसली. आग लागो त्या हसण्यास! मग कारकुनाने भर सभेत कात्रीने आकडा उसवला आणि कोरी टोपी भिवाजींचे हाती दिली.

घरी गिरजाबाईंनी टोपी उजेडी धरिली, तो टाक्यांची भोके तैशीच होती. म्हणाल्या, "अहो, वाचता येतंय की!" आणि सुईत दोरा ओवून बसल्या.

तात्पर्य, जावई एकतीस म्हणोन मिरवितात. दप्तरी तो सामना आजही नाही. भिवाजी आजही लंगडतात.