यशोदामावशी स्थळ बघतात

बकरीच्या पिल्लासाठी स्थळ बघणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? आमच्या खापा गावात आहे. माझ्या शेजारच्या यशोदामावशी.

आमच्या महिला गटाची रीत साधी आहे. एका बाईला बकरी मिळते. त्या बकरीला झालेलं पहिलं मादी पिल्लू, म्हणजे पाठ, तिने पुढच्या बाईला द्यायची. मावशींची पाठ दुर्गाला जायची होती. दुर्गाचा नवरा कामासाठी गेला तो परतलाच नाही. कापूस वेचून झाला की तिच्या हाताला काम नसतं. दारात बकरी आली तर तिला केवढा आधार होईल, हे सगळ्यांना कळत होतं. पाठ पाला खायला लागली, चांगली मोठी झाली, तरी मावशी देईनात.

दुर्गाकडे मात्र त्या पाठीसाठी घर बघायला म्हणून रोज दुपारी जायच्या. मला सुट्टी असली की मलाही न्यायच्या. नागपूरच्या कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच, म्हणून पंच.

"तुही सासू घोरते का वं?" मावशींनी दुर्गाला विचारलं.

"थोडं घोरते, मावशी."

"मंग? पाठ दचकन ना!"

दुसऱ्या दिवशी अंगणाचा उतार चुकला. तिसऱ्या दिवशी शेजारचा कोंबडा भांडखोर निघाला. तासभर बसायचं, दोनदा चहा घ्यायचा आणि उठताना म्हणायचं, "मन नाही भरलं माहं."

मला काही समजेना. कंजूष म्हणावं, तर दुर्गाच्या पोरासाठी त्या पदरात बोरं बांधून न्यायच्या.

शेवटी गटाच्या बैठकीत शांताबाई भडकल्या. "देत नाही म्हणून सांग ना सरळ! ते पोरगी वाट पाहून राहिली, अन् तू सासूचं घोरणं ऐकत बस!"

सगळ्या हसल्या. ठरलं, पाठ उद्याच द्यायची.

घरी येताना मावशींनी हळूच विचारलं, "एकडाव पाठ देल्ली, का मंग तिच्याकडं कायले जाचं वं?"

"मग जायचं कामच नाही, मावशी. सुटलात तुम्ही," मी म्हटलं.

त्या झपझप पाय उचलत माझ्या पुढे निघून गेल्या. माझं काय चुकलं, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी पाठीला धुऊन, कपाळाला कुंकू लावून मावशींनी आणलं. दुर्गाच्या अंगणातल्या खुंटीला बांधलं. दुर्गा "बसा" म्हणाली, पण त्या बसल्या नाहीत. पाठीच्या कानामागे एकदा खाजवलं आणि चपला घालून निघाल्या.

त्या फाटकापाशी पोचल्या, तेव्हा दुर्गाने हाक मारली.

"मावशी, खुंटी हालून राहिली ना हे! उद्या येऊन पाहजा जरा."

मावशी गर्रकन वळल्या. "मले वाटलंच होतं! एक गोष्ट धड नाही तुह्या घरात. आता रोजच याव लागन मले!"

आणि चपला काढून त्या ओट्यावर बसल्यासुद्धा.

मी खुंटी दोन्ही हातांनी धरून हलवली. ती जागची हलली नाही. विचारावं म्हणून मी दुर्गाकडे पाहिलं, तर ती चूल पेटवायला आत गेली होती.