टेपखालचं बोट

आमच्या अलिबागेत लग्नाला अप्पा टिपणीस आले की नवरदेवाला घाम फुटायचा. अक्षता पडायच्या आधीच अप्पा कोटाच्या खिशातून शिंप्याचा टेप काढत, नवरदेवाच्या छातीभोवती लावत आणि म्हणत, "श्वास घे. धर. सोड. नापास! जा, घरी जा!"

सगळा मांडव हसायचा. एकदा तालमीतला एक दांडगा वस्ताद मुद्दाम त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याला टेप पुरेना. तरीही नापास!

मोठ्या लढाईच्या वेळी अप्पा लष्कराच्या भरती कचेरीत रंगरुटांची छाती मोजायला होते. आता पेन्शन घेऊन माझ्या शेजारी राहत. मी शाळामास्तर. माझी छाती त्यांनी इतक्यांदा नापास केली होती, की सदरा शिवताना मी शिंप्याला त्यांच्याकडेच धाडी.

असा हा रुबाबदार माणूस चांगुणा कोळणीला मात्र भ्यायचा. सकाळी तिची हाक आली की अप्पा मागच्या दाराने विहिरीवर पसार. ती रोज सगळ्यात आधी त्यांच्याच ओटीवर मासळीची पाटी टेकवी आणि त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, हटकून विचारी, "अप्पा कुठं हाय?" या पळापळीवरून मी त्यांची पुष्कळ थट्टा केली.

मग मुंबईहून एक सिनेमावाले आले. लढाईतल्या खऱ्याखुऱ्या माणसांवर ते चित्र काढत होते. त्यांनी अप्पांना किनाऱ्यावर कॅमेऱ्यापुढे उभं केलं, आणि रंगरूट म्हणून मला. अप्पांनी माझ्या छातीला टेप लावला आणि हळूच एक बोट टेपखाली सरकवलं.

"चांगुणेचा मुलगा धाकू असाच उभा होता," ते कॅमेऱ्याला सांगू लागले. "छाती भरत नव्हती. रडला, पाया पडला. मी बोट घातलं, पास केला. बसऱ्याच्या आघाडीवरून परत आला नाही. चांगुणे, मी धाडला गं त्याला!"

टेपात सापडेल त्याला अप्पा घरी का पाठवत होते, ते मला तेव्हा कळलं.

कॅमेरा थांबल्यावर मी म्हटलं, "अप्पा, चित्र मुकं आहे. तुमचं बोलणं त्यात ऐकू येणार नाही."

अप्पांनी सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. त्यांचा चेहरा पडला. "मग तिला कळायचं कसं? तोंडावर सांगायची माझी छाती होत नाही, मास्तर." शेवटी त्यांचं बोलणं अक्षरांत दाखवायचं सिनेमावाल्यांनी कबूल केलं.

पावसाळ्यानंतर चित्र किनाऱ्यावरच्या तंबूत लागलं. अप्पांनी वहिनींकरवी चांगुणेला बोलावलं आणि स्वतः माझ्या आडोशाला बसले. पडद्यावर अप्पा आले, टेप आला, ओठ हलले. मग अक्षरं उमटली: 'वीरांची पारख करणारे हात!' लोकांनी टाळ्या पिटल्या. अप्पांनी मान खाली घातली. तो सिनेमावाला तेव्हा हाती लागता, तर मी मास्तरकी विसरलो असतो.

चांगुणेला वाचता येत नव्हतं. खेळ सुटल्यावर ती सरळ अप्पांसमोर येऊन उभी राहिली. तंबूला मागचं दार नव्हतं.

"बोट घातला व्हतास," ती म्हणाली.

"तुला... दिसलं?"

"मना तवाच ठाव हाय. धाकू नाचत घरी आलेला. अप्पानी बोट घातलान, मी पास झालो, म्हनत."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? तू सांगशील म्हनून रोज पयली पाटी तुज्या ओटीवर टेकवते. तू आपला पळतोस!"

अप्पा मटकन वाळूत बसले आणि सगळ्यांदेखत रडले. एवढी वर्षं, आणि मधे फक्त एक ओटी! चांगुणा पदर सावरून त्यांच्याजवळ बसली.

"रडू नको, बोल आता," ती म्हणाली. "तवा कसा उभा व्हता माजा धाकू, सगला सांग मना."