एकही लाल दिवा नाही

रुग्णालयाचे कामकाज सुरळीत चालावे या उदात्त हेतूने तळघरात संगणकांच्या जाळ्यासाठी एक नवा स्विच बसवण्यात आला. तिथे एका लोखंडी पेटीत पातळ ब्लेड सर्व्हर फडताळातल्या पुस्तकांसारखे उभे खोचलेले होते. त्यांच्याच शेजारच्या खाचेत हा विराजमान झाला. त्याचे काम साधे होते. तपासणी विभागातून निघालेला स्कॅन शस्त्रक्रियेच्या खोलीत पोचवायचा, आणि एक रस्ता तुंबला तर दुसरा शोधायचा. पण माहितीपत्रकात आणखी एक गुण होता: स्विचमधून जे जाईल त्याची हुबेहूब नक्कल देखरेखीसाठी वेगळ्या पडद्यावर पाठवता येते. संचालकांनी तेवढेच वाक्य वाचले.

नेटवर्कप्रमुखांनी पहिली नक्कल संचालकांच्या खोलीतल्या भिंतीवर नेली. भिंतभर हिरवे दिवे लुकलुकू लागले. संचालक भिंतीकडे खुर्ची फिरवून बसले, ते पुन्हा दाराकडे वळलेच नाहीत. उपसंचालकांना हे कळले. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का?" त्यांनी विचारले. विश्वास सिद्ध करण्यासाठी दुसरी नक्कल त्यांना गेली. मग लेखा विभागाला, मग गुणवत्ता समितीला. या सर्वांच्या नकला वेळेवर पोचतात का, हे पाहायला दक्षता समिती नेमली आणि तिला नकलांची नक्कल दिली. पहारेकऱ्यांच्या चौकीतही एक पडदा लागला, कारण तिथे खिळा आधीपासूनच होता.

एवढ्या गर्दीत नकलाच उशिरा पोचू लागल्या. ही गंभीर बाब होती. नेटवर्कप्रमुखांनी नियम केला: देखरेखीच्या वाहतुकीला आधी वाट, इतरांनी कडेला थांबावे. स्कॅनची प्रत हाताने नेऊन देण्यावरही त्यांनीच परिपत्रक काढून बंदी आणली. ती देखरेखीबाहेरची वाहतूक ठरली. त्यांना प्रशस्तिपत्र मिळाले. इतर म्हणजे रुग्ण, एवढे मात्र त्यात लिहायचे राहून गेले.

आणि मग त्यांचे सासरेच पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले.

"अहो, बाबा वेदनेनं कळवळतायत," बायकोचा फोन आला. "सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. डॉक्टर म्हणतात, आजच करायला हवं, पण स्कॅन आल्याशिवाय हात लावणार नाही."

"अगं, स्कॅन निघालाय. मला इथं निघालेला दिसतोय."

"तुम्हाला दिसून मी काय करू? डॉक्टरांना दिसू दे की."

नेटवर्कप्रमुख संचालकांकडे धावले. "साहेब, एक स्कॅन अडकलाय."

"कुठे? लाल दिवा दाखवा बघू."

"लाल नाही होत, साहेब. हरवला तर लाल होतो. नुसता थांबला तर हिरवाच राहतो."

"मग अडकलाय कशाला म्हणता? धीर धरतोय म्हणा."

"एखादी नक्कल थोडा वेळ बंद केली तर…"

संचालक विचारात पडले. "उपसंचालकांची बंद केली तर ते माझ्यावर रुसतील. माझी केली तर मी कुणावर रुसू? त्यापेक्षा असं करा, उशीर किती होतोय ते दाखवणारी आणखी एक नक्कल लावा."

नेटवर्कप्रमुखांना चांगले सुनवायचे होते. तोंडातून "हो साहेब" बाहेर पडले. नवी नक्कल लागली आणि स्कॅन आणखी मागे सरकला.

पुन्हा फोन आला. या वेळी बायकोने फोन नुसता खाटेजवळ धरला. सासऱ्यांचे कण्हणे तेवढे ऐकू आले. नेटवर्कप्रमुख तळघरात उतरले आणि जन्मात पहिल्यांदा कुणालाही न विचारता त्यांनी नकलांच्या सगळ्या वायरी उपटल्या.

डॉक्टरांच्या पडद्यावर स्कॅन उमटू लागला. सासऱ्यांची खाट शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत आली. तेवढ्यात धापा टाकत संचालक आले.

"थांबा. भिंत काळी पडलीये. रुग्णालय चालू आहे की बंद हेच कळत नाही, आणि तुम्ही पोट कापताय?"

"स्कॅन समोर येतोय, रुग्ण समोर आहे," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या समोर हो. माझ्या समोर कुठंय?"

रुग्णालयाची अवस्था दिसेपर्यंत सर्व उपचार स्थगित झाले. नेटवर्कप्रमुखांना बोलावणे आले. त्यांनी एकदा सासऱ्यांकडे पाहिले, एकदा संचालकांकडे, आणि खाली जाऊन एकेक वायर परत खोचली. भिंती हिरव्यागार झाल्या. डॉक्टरांच्या पडद्यावर स्कॅन अर्ध्यावर थिजला.

शस्त्रक्रिया उद्यावर ढकलली. संचालकांनी परिस्थिती आटोक्यात आल्याबद्दल सर्वांचे अभिनंदन केले.

"परत लावल्यात तुम्ही?" बायकोने विचारले. नेटवर्कप्रमुख भिंतीवरचे रंगाचे पोपडे निरखत राहिले.

"जाऊ दे गं, त्यांची नोकरी आहे," सासरे खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाले. "जावईबापू, एवढं सांगा, मला दुखतंय हे कुठल्या भिंतीवर दिसतं का हो?"

नेटवर्कप्रमुखांनी खरोखरच फोन काढून त्यावर देखरेखीचा पडदा उघडून पाहिला. "तुमच्या खाटेचा दिवा हिरवा आहे, बाबा."

तुम्ही हसलात, बरे केलेत. आता जरा आपला फोन काढा. परवा दूरच्या कुणा जिवाच्या माणसाला "बरे आहात ना?" असे विचारले होतेत. निरोप पोचल्याची खूण आली, वाचल्याचीही आली, तुम्ही निर्धास्त झालात. पण उत्तर आले होते का?