मिठाचं कडवं

ईदच्या कितीतरी दिवस आधीच झुवेनाने अख्ख्या आळीत जाहीर करून टाकलं होतं, "मी गाणं ऐकायला जाणार. ऐकायला! मध्येच उठायला नाही, मिरवायला नाही, आणि कुणावर कडवं फेकायला तर मुळीच नाही!"

"मग जातेस कशाला?" शेजारच्या तातूने अगदी मनापासून विचारलं.

तातूचंही चुकलं नव्हतं म्हणा. झांजीबारात तारबला, म्हणजे तिथल्या गाण्याच्या मैफलीला, बायका जेवढ्या ऐकायला जातात तेवढ्याच बोलायला जातात. फक्त बोलायचं तोंडाने नाही. मनासारखं कडवं आलं की उठायचं, डुलत डुलत मंचापाशी जायचं आणि गायिकेच्या हातात नोट ठेवायची. झालं! कडवं तुमचं! गायिका ते पुन्हा आळवते आणि सगळा हॉल माना वळवून बघतो, की हे पडलं कुणाच्या अंगावर. नेलेलं पातेलं परत न करणाऱ्या शेजारणी, दुसरीच्या नवऱ्याकडे बघून हसणाऱ्या मावसबहिणी, कितीजणी अशा एका कडव्याने सरळ झाल्या आहेत!

"रानटीपणा नुसता!" झुवेना म्हणायची. "गाण्याला गाणं राहू द्या की जरा! लोक ऐकायला येतात की स्वतःला दाखवायला?"

तिचा राग आतून आलेला होता. लुलू ऑर्केस्ट्रा तिचा जीव की प्राण. त्यांचं 'मीठ' हे गाणं तिची आई चपात्या लाटताना गुणगुणायची. शब्द सगळे भांडणाचे, पण मधला व्हायोलिनचा तुकडा असा, की ऐकताना कुणीतरी केसांत तेल घालतंय असं वाटावं. आता झुवेना तेच गाणं मांडीवरच्या झाहोरला म्हणायची. दात येत होते पोराला. रडून रडून लालबुंद व्हायचा, आणि 'मीठ' सुरू झालं की तिच्या गळ्यातल्या साखळीत इवलंसं बोट अडकवून, हुंदके देत देत झोपायचा. ते बोट सोडवताना झुवेनाला दर वेळी वाटायचं, राहू दे, अडकलेलंच राहू दे.

पण पोर झाल्यापासून एकदाही तिने लुलूच्या गायिकेला, बी शेमसाला, समोर बसून ऐकलं नव्हतं. आणि बी शेमसा आता थकली होती. पुढच्या ईदला गाईल न गाईल, असं जो तो म्हणत होता. तेव्हा 'मीठ' ऐकायचं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, मधल्या व्हायोलिनसकट. एवढंच मागणं! फार होतं का हो?

ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी खास बायकांसाठी कार्यक्रम होता. नवरा मकामे बंदरावर कामाला. झाहोरला सासूबाईंकडे, बी हिदायांकडे, ठेवायचं ठरलं. सासूसुनेत तेव्हा जरा गारठा होता. कारण आदल्या दिवशीचा पुलाव! ईदचा पुलाव खारट झाला होता. थोडाथोडका नाही, समुद्रात शिजवल्यासारखा! आणि तो आळीतल्या घराघरांत ताटं झाकून पोचलेला. किकवाजुनीची सगळी आळी दिवसभर पाणी पीत होती. सून म्हणे, "मी एकदाच मीठ घातलं." सासू म्हणे, "मीही एकदाच घातलं." दोघी खरंच बोलत होत्या, हीच तर पंचाईत!

झुवेना निघताना बी हिदाया बाळाला थोपटत सहज म्हणाल्या, "शेमसा आज कुठल्या रंगाचं नेसणार आहे म्हणे?"

"मला काय ठाऊक, आई! दूध उतरवून ठेवलंय. झोपला नाही तर 'मीठ' म्हणा."

"हं," बी हिदाया म्हणाल्या.

तातूला घेऊन झुवेना लवकर पोचली. दुसऱ्या रांगेत मधोमध जागा पटकावली. समोरची खुर्ची रिकामी. मंच कसा तळहातासारखा स्वच्छ दिसत होता! तिने समाधानाने सुस्कारा सोडला. सुस्कारा पुरा व्हायच्या आत समोरच्या खुर्चीवर एक फेटा येऊन बसला.

फेट्याखाली बाई होती. पण ती नंतर दिसली. आधी दिसला तो फेटा! सोनेरी, कडक, दोन्ही बाजूंना कान काढलेला, शिडाच्या होडीसारखा. मंच गेला, वादक गेले, बी शेमसा तर गेलीच गेली. उरला फक्त ढोलकवाल्याचा डावा कोपर.

"अहो ताई, जरा खाली घ्याल का?" झुवेनाने गोडीत विचारलं.

"काय खाली घेऊ?" फेटेवाली मागे वळली. तिच्याबरोबर फेटाही वळला आणि तातूच्या नाकाला लागला. "डोकं?"

मग गर्दीने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. डावीकडची बाई मस्कतच्या बहिणीला मोबाइलवर हॉल दाखवत होती. "ही बघ झुंबरं! हा बघ पंखा! हा बंद आहे. तो बघ, तो चालू आहे!" मागची बाई प्रत्येक ओळ गायिकेच्या आधीच म्हणून मोकळी होत होती, परीक्षेला बसल्यासारखी. उजवीकडे तळलेल्या कसाव्याच्या कापांवर लिंबू पिळलं जात होतं, त्यातलं निम्मं झुवेनाच्या डोळ्यांत. आणि मंचापुढे तर नोटा घेऊन डुलणाऱ्या बायकांची भिंतच! एक हलली की तिथे दुसरी.

"बघितलंस?" झुवेना डोळे पुसत फणफणली. "ह्यांना म्हणतात रसिक! मेंढरं बरी!"

"शू!" तातू म्हणाली. ती पदराची गाठ सोडून नोट काढत होती. तिला जावेवर एक कडवं फेकायचं होतं, कधीपासून मनात होतं.

आणि तेवढ्यात 'मीठ' सुरू झालं!

झुवेनाच्या अंगावर शहारा आला. बी शेमसाचा आवाज अजून तसाच होता, ताडगुळासारखा. पहिली ओळ अर्धी डोक्यापलीकडून आली, अर्धी मस्कतला गेली. दुसऱ्या ओळीला तातू म्हणाली, "ही नोट धर गं जरा, माझी चप्पल खुर्चीखाली गेली," आणि खाली वाकली. आणि त्याच क्षणी फेटेवाली मोबाइल उंच धरून चक्क उभी राहिली!

आता मात्र हद्द झाली! झुवेना ताडकन उठली. "अहो बसा! खाली बसा म्हणते ना! पैसे आम्हीही दिलेत!" असं ओरडत तिने हात वर केला.

हातात तातूची नोट होती.

मंचावर बी शेमसा गात होती:

"माझी चूल, माझी हंडी, झाकण तू उचललंस,
भात माझा, हात तुझा, मीठ कुणी गं घातलंस?"

"अय्या, झुवेना उठली!" मागच्या रांगेतल्या आळीतल्या बायका चीत्कारल्या. "पुलाववाली उठली! वाट द्या!"

"नाही! मी फक्त..."

ऐकतंय कोण! दहा हातांनी तिला पुढे ढकललं. लाटेवरच्या नारळासारखी ती गटांगळ्या खात मंचापाशी पोचली. बी शेमसाने हसून तिच्या हातातली नोट अलगद काढून घेतली, आणि 'कुणासाठी?' अशा अर्थाने भुवई उडवली.

"कुणासाठी नाही! ती तिकडे! तिला बसवा!" झुवेनाने संतापाने फेट्याकडे बोट रोखलं.

फेटेवाली नेमकी तेव्हाच खाली बसली. एवढी ओरड ऐकून बसली नव्हती ती! आणि झुवेनाच्या बोटापुढे, थेट समोर, हॉलच्या दारात, काखेत रडणारा झाहोर घेऊन बी हिदाया उभ्या होत्या.

सगळा हॉल वळला. मस्कतही वळलं.

"बी हिदाया!" कुणीतरी कुजबुजलं. "सासूवर फेकलं! तोंडावर!"

मग जो चीत्कार उठला! बायकांनी जिभा हलवून असा काही गलका केला, की बी शेमसाला नवं बळ चढलं. मिठाचं कडवं पुन्हा. आणि पुन्हा. झुवेना दोन्ही हात हलवून 'नाही, नाही' करत होती. लोकांना वाटलं, नाचतेय.

बी हिदाया संथ पावलांनी पुढे आल्या. चेहरा असा, की त्यावर दूध नासावं. हीच बाई झुवेनाच्या बाळंतपणात रात्ररात्र पाय चेपत बसली होती! आता तोंड कसं दाखवायचं? तिने हात पुढे केले, "आई, मी त्या फेट्याला..."

"धर," म्हणून बी हिदायांनी झाहोर तिच्या हातात दिला. अंगावर ओढलेल्या कांग्याच्या टोकाची गाठ दातांनी सोडली. नोट काढली. दुसरं कडवं येईपर्यंत तिथेच, कमरेवर हात ठेवून थांबल्या. आणि आलं तसं डुलत गेल्या:

"कालची आलेली पाहुणी आज किल्ल्या मागू लागली,
हंडी जिने दिली तिलाच चव शिकवू लागली!"

हॉल फुटायचा बाकी राहिला! फेटेवाली खुर्चीवर चढली.

"आता काय करू गं?" झुवेना रडकुंडीला येऊन तातूला म्हणाली.

"माझी नोट!" तातू म्हणाली. "जावेसाठी ठेवली होती मी!"

"तातू!"

"बरं, बरं. शेवटचं कडवं गोड आहे, एका ताटात जेवण्याचं. त्यावर ऊठ. माफी मागितल्यासारखं होईल."

झुवेनाने गाडीभाड्याची नोट काढून मुठीत धरली आणि बाळ खांद्यावर घेऊन शेवटच्या कडव्याची वाट बघत उभी राहिली. पण शेवटचं कडवं येईल तर ना! दोन पक्ष पडले होते. सुनांचा पक्ष मिठावर नोटा देत होता, सासवांचा किल्ल्यांवर. बी शेमसा इकडून तिकडे, तिकडून इकडे. व्हायोलिनवाल्याने त्या तुकड्यासाठी दोनदा गज उचलला आणि दोनदा गपचूप मांडीवर ठेवला. पक्ष सोडून नुसती उभी राहिलेली झुवेना गर्दीत रेटली जात पुन्हा मंचापाशी आली. मुठीतून नोट डोकावत होती. बी शेमसाने तीही काढून घेतली.

मिठावर!

"ओ बाई!" मागून कुणीतरी कळवळून ओरडलं. "बसा की एकदा! तुमच्यामुळे काही दिसत नाही! ऐकायला येता की स्वतःला दाखवायला?"

आणि तेव्हाच मावळतीची, मगरिबची, बांग झाली. वाद्यं थांबली. संपलं!

सगळ्या गोंधळात झाहोर मात्र खांद्यावर गाढ झोपला होता, साखळीत बोट अडकवून. एवढं 'मीठ' त्याला एका बैठकीत कधीच मिळालं नव्हतं.

सासूसुना पायीच निघाल्या. दोघींकडे भाड्याला दमडी उरली नव्हती. झुवेना घाईघाईने त्यांच्या बरोबरीला आली. "आई, शपथेवर सांगते, मी तुमच्यावर नाही फेकलं. पुढे ती फेटेवाली..."

"ठाऊक आहे मला."

झुवेना थबकली. "ठाऊक आहे?"

"दारातून सगळं दिसत होतं. ती बया उभी होती. मीच मघापासून मनात तिला शिव्या देत होते."

"मग उठलात कशाला?"

बी हिदाया कांगा सावरत म्हणाल्या, "अगं, तुझ्या सासऱ्यांची आई गेल्यापासून माझ्यावर कुणी कडवं फेकलंच नाही. अशी संधी सोडतात होय? आणि पोर काही झोपत नव्हतं असं नाही. झोपलं होतं. मीच उठवलं. म्हटलं, रडतंय म्हणून दारापर्यंत तरी जाता येईल."

शेमसा कुठल्या रंगाचं नेसणार, हे त्यांनी का विचारलं होतं, ते झुवेनाला आत्ता कळलं.

"मला नुसतं म्हणायचंत, आई. बरोबर गेलो असतो."

"तू विचारायचंस."

थोडं चालल्यावर बी हिदायांनी शेवटचं कडवं गुणगुणायला घेतलं, एका ताटात जेवण्याचं. मधला व्हायोलिनही तोंडानेच. सूर असा, की रस्त्यावरची मांजर भिंतीवर चढली. पण झुवेनाला पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळं ऐकू आलं, मध्ये कुणीच उठलं नाही.

तेवढ्यात मागून एक भाड्याची गाडी आली आणि शेजारी थांबली. पुढच्या खिडकीतून आधी फेटा बाहेर आला, मग बाई.

"काय हो ताई!" फेटेवाली कडाडली. "सगळ्या गाण्याचं वाटोळं केलंत! गाण्याला गाणं राहू द्यावं माणसाने! तुमच्यासारख्यांमुळे खऱ्या रसिकांनी जायचं कुठे?"

झुवेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बाळ सावरलं, छाती भरून श्वास घेतला, सगळं आयुष्य जणू ह्याच उत्तरासाठी जगली होती असं तोंड उघडलं...

आणि विचारलं, "किकवाजुनीकडे जाताय का?"

तशा घरापर्यंत दोघी गाडीतूनच आल्या. झुवेनाला जागा मिळाली ती बरोबर फेट्याच्या मागे. समोरचं काही म्हणजे काही दिसलं नाही!