उतारावर धान

मंडळी, जळालेली मोटार माझ्यापुढे ठेवा, तिला पुन्हा गरगर फिरवून दाखवतो. अशा माणसाला एक साधा उतार बांधता येऊ नये? चार दगडी पायऱ्या झाकायच्या, त्यावर सिमेंटची घसरण करायची, झालं! मी सगळ्यांसमोर छाती ठोकून म्हणालो, "काळजी सोडा. हे काम भोजराज मास्तरचं!"

तिथेच चुकलं.

साल १९८१, अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष. तुमसरच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात मी मोटार भरायला शिकवायचो. म्हणजे विहिरीवरची मोटार जळाली की ती उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची. सगळं बसून करायचं काम. पाय लागत नाहीत, हात लागतात आणि शांत डोकं लागतं. म्हणून यंदा वर्गात अपंगांनाही घ्या असा वरून हुकूम आला, तेव्हा मला आनंदच झाला.

पण हुकूम काढणाऱ्यांनी आमचं केंद्र पाहिलेलं नव्हतं. धानाचं जुनं गोदाम ते. त्याचा ओटा कमरेच्या वर, आणि पायऱ्या अशा उभ्या की धडधाकट माणूसही वर पोचल्यावर आधी श्वास घेई, मग नमस्कार करी.

हुकमाप्रमाणे आली ती एकटी धुरपता, करडी गावची. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय लुळे. भंडाऱ्याच्या शिबिरात तिला हाताने पायडल मारायची तीनचाकी सायकल मिळाली होती. सायकल पायऱ्यांपाशी थांबवून तिने वर पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, तुम्ही इथं मानसं शिकवता का माकडं?"

मी घाईघाईने खाली उतरलो. म्हटलं, "बाई, काम बारीक आहे. जमेल का?"

"तांदळातले खडे निवडून निवडून अर्धा जनम गेला जी माझा. त्याच्यापेक्षा बारीक हाये का तुमची तार?"

"तशी नाही."

"मंग? आमच्या करडीत मोटार जळली का लोक इकडं आनतात, तवापर्यंत धान सुकून जाते. मी गावातच दुकान टाकीन. भावाच्या घरी खाते मी. वहिनी काही बोलत नाई, पन भांडे जोरात आपटते."

तिचा भाऊ गोमाजी बाजूलाच उभा होता. तो एकदम आभाळाकडे बघू लागला.

प्रवेश द्यायचा तर जिल्ह्याच्या साहेबांची संमती हवी. साहेब नुकतेच पुण्याकडून बदलून आलेले. ते म्हणाले, "हे पाहा, रोज बाईंना उचलायला आपल्याकडे माणसं नाहीत. पहिल्या दिवशी मी स्वतः येईन. कुणी न उचलता, न ढकलता त्या वर्गात येऊन बसल्या तर प्रवेश पक्का. नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला. मान्य?"

"मान्य!" मी म्हणालो. धुरपताला विचारलंसुद्धा नाही.

आता माझी घाई समजून घ्या. माझी बायको कौशल्या जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. घरी लवकर जायची मला भीती वाटायची. त्यामुळे केंद्रात कुणी 'हे कोण करील?' असं म्हणायच्या आत माझा हात वर असायचा. त्या वर्षी मी केंद्राच्या खिडक्याही रंगवल्या होत्या. दोनदा.

पहिला प्रयोग फळ्यांचा. समोरच्या राइस मिलच्या हमालांकडून पोती चढवायच्या दोन लांब फळ्या आणल्या आणि ओट्याला लावल्या. धुरपता म्हणाली, "मास्तर, हे लय उभं दिसून राहिलं."

"काही उभं नाही! थांबा, मीच बसून दाखवतो."

तिला गोमाजीने बाजूच्या बाकावर बसवलं आणि मी तिच्या सायकलीत बसलो. हाताने पायडल मारत फळीवर निम्म्यापर्यंत गेलोही. शिपाई जागेश्वर टाळ्या वाजवत होता. तेवढ्यात नाक पुसायला मी एक हात सोडला.

सायकल मागे निघाली! मी ओरडलो, "ब्रेक! ब्रेक!" जागेश्वर ओरडला, "मास्तर, ब्रेक तुमच्याजवळ हाये!" तोवर मी फाटकाबाहेर. सायकल उलटी, तोंड केंद्राकडे, पाठ मिलकडे. रस्ता ओलांडून मी सरळ मिलच्या कोंड्याच्या ढिगात घुसलो, गळ्यापर्यंत.

हमाल जमले. एक म्हणाला, "काय जी मास्तर, मिलमधून कोंडा बाहेर येते. तुम्ही बाहेरून आत कायले चालले?"

मी शिंकलो. मग सायकल बाहेर ओढायला लागलो.

घरी गेल्यावरही कानातून कोंडा निघत होता. कौशल्या असती तर आधी पोट धरून हसली असती, मग अंघोळीला पाणी तापवलं असतं. पाणी मी तापवलं. हसायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मोतीलाल गवंड्याला बोलावलं. त्याला सांगितलं, "मोतीलाल, उतार लांब पाहिजे, सावकाश चढणारा. पार फाटकापर्यंत ने. आणि काम असं कर की साहेब पाहातच राहिले पाहिजेत!"

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. मोतीलाल पडला हौशी कारागीर. त्याने उतार लांब केला, रुंद केला आणि मग घोटायला बसला. घोट घोट घोटला. आरसा झाला! संध्याकाळी त्यावर पाणी मारायचं काम मी माझ्याकडे घेतलं. घरी जाऊन तरी काय करणार होतो? पाणी मारताना त्यात माझा चेहरा दिसायचा आणि मला फार अभिमान वाटायचा.

पहिला दिवस उजाडला. डिसेंबर महिना, छान ऊन पडलेलं. इस्त्रीचा सदरा घालून मी फाटकात आलो आणि जागीच खिळलो.

उतार नव्हता! म्हणजे असेल, पण दिसत नव्हता. फाटकापासून ओट्यापर्यंत नुसतं पिवळं धान पसरलेलं. मधोमध शेजारच्या निर्मलाबाई पायाने धानात रेघा ओढत, ते खालीवर करत फिरत होत्या.

"निर्मलाबाई! हे काय?"

"धान हाये जी, मास्तर. ओलं होतं, वाळाले टाकलं."

"पण इथं?"

"मंग कुठं? माझ्या अंगनात मातीच माती. असं गुळगुळीत, उन्हाकडं तोंड करून असलेलं खळं अख्ख्या तुमसरात नाई. सरकारनं पहिल्यांदा कामाची गोष्ट केली, पाहा!"

"अहो, हा अपंगांसाठी उतार आहे!"

"हाव ना, जागेश्वर बोलला तसं. पन अपंग तर अकरा वाजता येनार हाये. ऊन आत्ता हाये."

मी जागेश्वरकडे वळलो. तो दाराआड सरकला. दाराजवळची चार हात धानाची पट्टी त्याची स्वतःची निघाली!

मी खराटा उचलला. निर्मलाबाई किंचाळल्या, "धानाले खराटा लावता? मास्तर, लक्ष्मी होय ते!" मी खराटा ठेवला. सुपाने भरायला बसलो. दोन सुपं भरतो न भरतो तोच साहेबांची जीप आली, आणि जीपमागे गोमाजीची बैलबंडी. बंडीत धुरपता, शेजारी तिची सायकल. करडीहून तुमसरपर्यंत हात दुखवत यायचं नाही म्हणून बंडी जोडलेली.

गोमाजीने सायकल खाली काढली. साहेब घड्याळ पाहात म्हणाले, "हं, बाई, चला. चढा."

धुरपताने बंडीतूनच उतार पाहिला आणि हात जोडले. "मी नाई चढत."

"का?"

"धानावरून चाक नेऊ? साहेब, आमच्यात धानाले चुकून पाय लागला तरी पाया पडतात."

"आत्ता तर त्या बाई त्यावर चालत होत्या!"

"चप्पल काढून, वाळवासाठी. ते अलग. चाक अलग."

निर्मलाबाईंनी मान डोलावली. जागेश्वरने मान डोलावली. खरं सांगतो, माझीही डोलली. मग आठवलं की मी कोणाच्या बाजूने आहे.

"साहेब, अर्धा तास द्या, मी धान भरतो..."

"अर्धा तास? मला मोहाडीला बैठक आहे! अहो, धान म्हणजे काय काचा आहेत? चार दाणे बाजूला होतील, एवढंच. हे बघा, असं जायचं." आणि साहेब बुटांसकट धानावर चढले.

सगळ्यांनी एकदम "अय्यो!" केलं. त्यांना वाटलं, कौतुक आहे. त्यांनी ऐटीत आणखी दोन पावलं टाकली.

खाली मोतीलालचा आरसा, त्यावर गोल गुळगुळीत दाणे, त्यावर पुण्याचे बूट! साहेबांचे पाय पुढे गेले, बाकीचे साहेब मागे राहिले. मग ते बसले आणि बसल्या बसल्या निघाले. मिलच्या नळीतून तांदूळ यावा तसे सरळ, सुंदर, धानासकट माझ्या पायाशी आले.

"माझा घोटा!" साहेब कळवळले.

क्षणभर मला वाटलं, ते मोतीलालच्या घोटाईबद्दलच बोलत आहेत. पण पाय सुजू लागला होता. त्यांना टेकवत नव्हता.

"आत न्या मला! कुठेतरी बसवा!"

उचलणार कसे? साहेब चांगले भरलेले. शेवटी जागेश्वरला सुचलं, आणि आम्ही त्यांना धुरपताच्या सायकलीत बसवलं. ते घसरत आले होते तिथे उतारावर बरोबर एका साहेबाच्या रुंदीची स्वच्छ वाट झाली होती. बाकीचं धान निर्मलाबाईंनी सुपाने बाजूला ओढून दिलं. मी एकीकडून, जागेश्वर दुसरीकडून, अशी ढकलत ढकलत सायकल वर गेली. उतार मात्र उत्तम होता. कुठे धक्का नाही, मागे घसरणं नाही. मी म्हणालोसुद्धा, "पाहिलं साहेब? किती सावकाश चढतो!" साहेबांनी दोन्ही हातांनी घोटा धरला होता.

वर्गात शिरलो आणि पाहातो तर पहिल्या ओळीत, तारेचं बंडल मांडीवर घेऊन, धुरपता बसलेली!

साहेब वेदना विसरले. "तुम्ही... तुम्ही कशा आलात?"

"बंडीतून."

"बंडीतून कशा?"

"तुम्ही सारे तिकडं होते. मी गोमाजीले म्हटलं, बंडी बाजूनं घेऊन उलटी लाव ओट्याले. गोदाम होय ना हे! पोते बंडीतून सरळ आत सरकले पाहिजे म्हनून बंडीच्याच उंचीचा ओटा बांधला हाये. पोते सरकतात, मंग मी कायले नाई सरकनार?"

मी वर्षानुवर्षं त्या ओट्यावर चहा प्यालो होतो. कोंड्याच्या ढिगात बुडालो तेव्हाही समोर तोच ओटा दिसत होता.

"कुणी उचललं?" साहेबांनी विचारलं.

"कोनीच नाई. ढकललंही नाई. हातावर सरकली." मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "साहेब, तुम्हाले मात्र दोघांनी ढकललं. आता सांगा, कोनाचं नाव काटता?"

वर्गातली मुलं खाली मान घालून हसू लागली. साहेबांनी आधी डोळे वटारले, मग सुजलेला पाय पाहिला, मग तेही हसले. "बाईंचा प्रवेश पक्का," ते म्हणाले. "आणि मास्तर, त्या उतारावर खरबरीत काहीतरी करा."

साहेबांना जीपमधून दवाखान्यात पाठवलं. आता मी छाती फुगवून वर्ग सुरू केला. धुरपताच्या हातात तार दिली. खरंच, बोटं अशी चालत होती की मी दोनदा शिकवायचं विसरलो. दुपारी तिने मला हळूच जवळ बोलावलं.

"मास्तर, एक विचारू?"

"विचारा! उतार नीट होईल, उद्याच मोतीलालला बोलावतो."

"ते होत राहीन जी. इथं बाईमानसाची जायची सोय कुठं हाये?"

मी जागेश्वरकडे पाहिलं. जागेश्वरने छताकडे पाहिलं. आमच्याकडे आजवर बाई शिकायला आलीच नव्हती. आम्ही मागच्या पायऱ्या उतरून नाल्याकडे जायचो, बस्स. कौशल्याने हे पहिल्या दिवशी विचारलं असतं. मी उतार घोटत बसलो होतो.

"बांधतो!" मी म्हणालो. या वेळी विचारलंही. "दार किती रुंद हवं? उंबरा नको ना? धरायला दांडा लावू?"

"सारं सांगते जी. पन बांधाले महिना लागन." धुरपता हातातली तार खाली ठेवत म्हणाली, "मी आत्ताचं विचारून राहिली."

मी धावलो. निर्मलाबाईंच्या अंगणाला पायरी नाही, मोरी मागे, दार चांगलं रुंद. त्यांच्या दारात उभा राहून हात जोडले आणि सगळं सांगितलं.

"पाठवा की पोरीले! रोज पाठवा," त्या म्हणाल्या. "त्यात काय विचारता?" मग सूप उलटं करून त्यावर बोटाने टकटक केलं. "पन मास्तर, उद्या धान कुठं टाकू म्हनता?"

तेव्हापासून धानाच्या दिवसांत सकाळी उतारावर धान असतं आणि आमचा वर्ग दुपारी भरतो. साहेबांनी कारण विचारलं, तर ऊन फार लागतं म्हणून सांगितलं आहे; कशाला, ते सांगितलेलं नाही.